कुरगाकवरचा पूल

बेगायिमला सासरी ‘लोखंड’ हा शब्द उच्चारायची मुभा नव्हती. थोरल्या दिराचं नाव तेमिरकुल, आणि तेमिर म्हणजे लोखंड. नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, त्या नावात दडलेला साधा शब्दसुद्धा नाही, ही आक-ओरुकची जुनी रीत. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून ती खिळ्याला ‘टोचरा’ म्हणायची आणि लोखंडाला ‘जड धातू’. बिश्केकला आपल्या संस्थेत ती दिवसभर लोखंडी गज, लोखंडी जाळ्या असं खुशाल बोलायची. पण सरोवराकाठच्या या गावात गाडीतून उतरली की जीभ आपोआप वळण घ्यायची. सासूबाई, बुरुल अपा, कान देऊन असायच्या.

त्यात तिचे आणि दिराचे धंदेही असे की एकमेकांना टाळता येऊ नये. तेमिरकुल जिल्ह्याच्या रस्तेखात्यात इंजिनिअर. काठच्या सगळ्या रस्त्यावर त्याच्या हाताखालून न गेलेला दगड नसेल. आणि बेगायिम पुरांवर संशोधन करणारी. एखादा डोंगर एका दुपारी जास्तीत जास्त किती पाऊस ओतू शकतो, आणि तो ओतला तर खालच्या माणसांचं काय होतं, हाच तिचा वीस वर्षांचा ध्यास. तिचा नवरा एसेन बिश्केकला शाळेत संगीत शिकवायचा. तो म्हणायचा, “आमच्या घरात एकजण पाण्याला वाट करून देतो, दुसरी पाण्यावर संशय घेते. मी आपला कोमूझच्या तारा छेडतो.”

त्या वर्षी जर्दाळू पिवळे व्हायला लागले होते आणि अंगणातल्या चौथऱ्यावर सगळे चहाला बसले होते. तेमिरकुलनं अंथरलेल्या दस्तरखानावरचे तळलेले बोरसोक बाजूला सारून नव्या रस्त्याचा नकाशा पसरला. काठचा जुना रस्ता उंच होणार होता, रुंद होणार होता. गावाच्या डोक्यावर, जिथं कुरगाकचा ओढा डोंगरातून बाहेर पडतो, तिथं मातीचा उंच भराव आणि भरावाच्या पोटात काँक्रीटच्या तीन नळ्या.

बेगायिमनं चहाचा पिआला खाली ठेवला. थोरल्या दिराला ती ‘आके’, म्हणजे दादा, म्हणायची.

“आके, या नळ्या किती मोठ्या?”

“गाढव ताठ मानेनं आरपार जाईल एवढ्या.”

“आणि मुळासकट आलेलं झाड जाईल?”

तेमिरकुल हसला. “कुरगाकमधून झाड? अगं, नावच कुरगाक आहे त्याचं. कोरडा. आमची कोंबडी त्यात उतरली तर तिची नखं ओली होत नाहीत.”

“अडकलं तर भरावामागं पाणी तुंबेल. तुंबलं की फुटेल. आणि खाली आपलं गाव आहे.”

“केलिन,” सुनेला मारायची हाक मारत तो म्हणाला, “मी नळ्या काही स्वप्नात बघून काढल्या नाहीत. नियम आहे, पुस्तक आहे, पाणी मोजायच्या ठाण्यावरची मोजमापं आहेत.”

“ते ठाणं शेजारच्या खोऱ्यात आहे, आके. तिथं ऊन असतं तेव्हा इथं ढग फुटतो. आणि सोव्हिएत राज्य जाऊन देश बदलला त्या काळात ते कित्येक वर्षं बंदच होतं. बंद ठाण्यानं पूर बघितला नाही, म्हणजे पूर आला नाही असं होतं का?”

बुरुल अपांनी दोघांच्या पिआल्यात दूध ओतलं आणि म्हणाल्या, “चहा गार होतोय. भांडायचं तर गरम चहावर भांडा.”

तेमिरकुल वाईट माणूस नव्हता, हे बेगायिमला पक्कं ठाऊक होतं. एसेनचे वडील लवकर गेले तेव्हा त्यानंच धाकट्याला वाढवलं, शिकवलं. लग्नात बेगायिमच्या डोक्यावर पांढरी ओढणी पडली तेव्हा पहिला आशीर्वाद त्याचाच. कामातही तो नेकीचा. म्हणून तर तिला जास्त भीती वाटत होती. चोराचं चुकीचं काम लोक तपासून बघतात. नेक माणसाचं कोणी बघत नाही.

कुरगाकबद्दल तिच्याजवळ पुरावा होता, पण तो असा, की ऐकणाऱ्याला आधी हसू यावं. वर घळीत दोन्ही काठांवर कारागायची जुनी झाडं आहेत, देवदाराच्या जातीची, सरळसोट. पुराबरोबर दगड वाहत येतात आणि काठच्या खोडांवर आदळतात. साल फाटते. झाड मरत नाही. जखमेभोवती राळ सोडतं आणि वर्षाला एक याप्रमाणे नवी वलयं चढवत राहतं. पोकळ गिरमिटानं खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढली की जखमेनंतरची वलयं मोजून ती कुठल्या वर्षीची हे सांगता येतं. गेले तीन उन्हाळे बेगायिम हेच करत होती. आणि झाडं सांगत होती, की कोरड्या कुरगाकला आजवर चार वेळा महापूर आले, आणि त्यांतले दोन असे होते की त्यांच्यापुढे ठाण्यावरचा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे लहान मुलाची लघवी.

गावाच्या प्रमुखानं, ओसकोन अकीमनं, क्लबच्या सभागृहात सभा बोलावली. रस्ता गावाचाच, तेव्हा गावानं ऐकावं. कल्पाक, म्हणजे उंच लोकरी टोप्या, घातलेले म्हातारे पुढे, बायका मागे, पोरं खिडक्यांवर.

बेगायिम बोलायला उभी राहिली आणि पहिल्याच वाक्याला अडखळली. “या नळ्या ज्या हिशोबावर बेतल्यात, तो हिशोब…”

“कोणाचा हिशोब?” अकीमनं विचारलं. टिपून घ्यायला त्यानं पेन सरसावलं होतं.

“रस्तेखात्यातल्या साहेबांचा.”

“खात्यात साहेब पुष्कळ आहेत.”

“म्हणजे आमच्या घरच्या… मोठ्या…”

मागून खसखस पिकली. एक म्हातारा शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाला, “जड धातूचा हिशोब म्हणतेय ती.” सगळं सभागृह हसलं. तेमिरकुलही हसला, आणि बेगायिमचे कान तापले. वीस वर्षांची विद्या आणि एका नावाशी येऊन गाडी अडलेली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून बुरुल अपा उठल्या. गुडघे धरत, सावकाश. 

“घे पोरी नाव,” त्या म्हणाल्या. “नाव घेऊ नये ते मान राखायला. पाणी आलं तर ते काही मान राखणार नाही. मी सासू आहे, मी मोकळीक देते. बोल नीट.”

बेगायिम अकीमकडे वळली. “तेमिरकुल आकेंचा हिशोब चुकीचा आहे,” ती म्हणाली. आणि मग तिची जीभ जी सुटली ती सुटलीच. तिनं झाडं सांगितली, जखमा सांगितल्या. पूर्वी वरच्या कड्यांवर ऐन उन्हाळ्यातही बर्फच पडायचं, ते जागच्या जागी राहायचं; आता हवा तापली, तिथं पाऊस पडतो, आणि नागड्या खडकावर पडलेला पाऊस थांबायचं नाव घेत नाही, हेही सांगितलं. भराव नको, मधे खांब नको, काठापासून काठापर्यंत एकच मोकळा पूल हवा, असं सांगून ती खाली बसली.

तेमिरकुल उठला. तो रागावला नव्हता, आणि हीच त्याची ताकद.

“बेगायिम शिकलेली आहे, आमच्या घराची शान आहे,” तो म्हणाला. “पण मला एक सांगा. झाडाला वण दिसला की पूरच आला? माझ्या गुडघ्यावर वण आहे. त्या वर्षी पूर नव्हता आला, मी काद्यरच्या घोड्यावरून पडलो होतो.” लोक हसले. “वरून सुटे दगड गडगडत येतात. लाकूडतोड्याची कुऱ्हाड लागते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हिमकडे. दर वसंतात कुरगाकच्या घळीत बर्फाचा कडा कोसळतो, दगड घेऊन खाली येतो. झाडं फोडायला तो पुरेसा आहे. केलिन, तू मोजलेले चार पूर हे चार हिमकडे नव्हते कशावरून?”

 गडगडणाऱ्या दगडांचं उत्तर बेगायिमजवळ होतं, कुऱ्हाडीचंही होतं. हिमकड्याचं नव्हतं. प्रश्न रास्त होता, आणि तो तिनं स्वतःला आधीच विचारायला हवा होता.

“आत्ता माझ्याकडे उत्तर नाही,” ती म्हणाली.

हे ऐकून मात्र कोणी हसलं नाही. अकीमनं डोकं खाजवलं. “भरावाचं काम जर्दाळू वाळवून झाल्यावर सुरू होणार. तोवर उत्तर आणलंस तर ऐकू. नाहीतर नळ्या.”

घरी परतताना तेमिरकुल तिच्या बरोबरीनं चालू लागला.  तो म्हणाला, “परत वर जाणार ना?”

“जाणार.”

“मी येतो. झाडं मी निवडीन. तू निवडलीस तर तुला हवी तीच निवडशील.”

बेगायिमनं त्याच्याकडे पाहिलं. संस्थेतल्या कोणत्याही परीक्षकानं तिला इतकी चांगली अट घातली नव्हती. “या,” ती म्हणाली. “बूट मात्र हे नकोत. घसराल.”

दोघं पहाटेच निघाले. ऊन चढेपर्यंत घळीच्या तोंडाशी होते. तेमिरकुल साठीला आलेला, पण हट्टानं पुढे चालत होता. त्यानं खरंच झाडं निवडली. डाव्या काठाचं एक, मग बरंच वर जाऊन उजव्या काठाचं, मग मुद्दाम घळीपासून लांब उतारावरचं, जिथं पाणी पोचणं शक्यच नव्हतं. ‘हे घे, आता हे घे’ असं म्हणत तो बोट दाखवी आणि बेगायिम गिरमिट फिरवी. कांडी बाहेर निघाली की राळेचा वास सुटायचा.

दुपारी एका जाडजूड झाडापाशी तेमिरकुल थबकला. खोडाच्या वरच्या अंगाला, ओढा ज्या दिशेनं येतो त्या अंगाला, साल सोलून निघालेली होती आणि जखमेच्या कडा ओठांसारख्या आत वळल्या होत्या. त्यानं हात वर करून जखमेपर्यंत पोचायचा प्रयत्न केला. बोटं पोचली नाहीत. त्यानं मागं वळून खाली पाहिलं. ओढा तिथून दगडांमधून सुतळीसारखा वाहत होता.

“दगड एवढ्या उंच कसा उडाला?” तो स्वतःशीच म्हणाला.

“उडाला नाही, आके. चिखलावर तरंगत आला.”

“हिमकडाही एवढा उंच येतो,” तो म्हणाला. पण आवाजातली धार थोडी कमी झाली होती. दोघांनी त्या झाडाखाली बसून पाव आणि घोडीच्या दुधाचं आंबट कुमीस घेतलं. “लहानपणी बाबा आम्हाला इथं आणायचे,” तो म्हणाला. “कधी मान वर करून बघितलं नाही.”

बिश्केकला परतल्यावर बेगायिमनं स्वतःला प्रयोगशाळेत कोंडून घेतलं. कांड्या घासून गुळगुळीत केल्या, सूक्ष्मदर्शकाखाली लावल्या. आता तिला वर्ष नको होतं. वर्ष तिच्याकडे होतंच. तिला हवा होता महिना.

झाडाचं एक वलय म्हणजे एक उन्हाळा. आतली फिकट बाजू वसंतात वाढते, मग ऐन उन्हाळ्याचा भाग, आणि शेवटी शरदातली गडद कड. झाड दुखावलं की जखमेच्या शेजारी राळेच्या बारीक नळ्यांची रांग उठते. हिवाळ्यात किंवा वसंताच्या तोंडावर हिमकडा आदळला, तर झाड झोपेत असतं. जागं होताच पहिलं काम म्हणून राळ सोडतं. म्हणजे रांग वलयाच्या अगदी आरंभाला असणार. हे तिला पुस्तकातून माहीत होतं. आपल्या कांड्यांत ते बघावं, हे मात्र दिरानं अडवेपर्यंत सुचलं नव्हतं.

पहिल्या कांडीत मोठ्या पुराच्या वर्षावर ती आली आणि तिनं नजर तिथंच रोवली. रांग होती. आरंभाला नव्हती. फिकट भाग संपून गडद कड सुरू व्हायच्या बेतात होती, तिथं राळेचे थेंब मण्यांसारखे ओवलेले. ऐन उन्हाळा. तिनं दुसऱ्या काठाचं झाड लावलं. तेच वर्ष, तीच जागा. वरचं झाड लावलं, तेच. मग उतारावरचं, लांबचं झाड लावलं. त्या वर्षी त्यात काहीच नव्हतं. ते आपलं निवांत वाढलं होतं. उन्हाळ्यात कुरगाकच्या घळीत दगड तरंगवेल असं एकच असतं, पाऊस.

एक जुना वण मात्र आरंभालाच निघाला. तो हिमकडा होता. तेमिरकुल त्या एका बाबतीत बरोबर होता. तिनं तो पूर यादीतून खोडला. खोडतानाही तिला आनंदच झाला, कारण आता उरलेले तीन कोणी हलवू शकणार नव्हतं.

तिनं दिराला फोन केला. “आके, बिश्केकला या. मी सांगत नाही. तुम्हीच बघा.”

तेमिरकुल दुसऱ्याच दिवशी आला, बुरुल अपांनी दिलेली जर्दाळूची पिशवी घेऊन. सूक्ष्मदर्शकावर वाकला तो वाकलाच. बेगायिमनं कसं बघायचं ते एकदा दाखवलं आणि लांब जाऊन बसली. तो मोजत होता, चुकत होता, पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. मधे चहा आला, तो तसाच निवला. अखेर त्यानं डोळे चोळले आणि सरळ झाला.

“हिमकडा वसंतात येतो,” तो म्हणाला.

“हो.”

“हे ऑगस्टचं आहे.”

“जुलै-ऑगस्ट. हो.”

“आणि ही झाडं मी निवडलेली.”

“तुम्हीच.”

तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बेगायिम कांड्या आवरून ठेवू लागली. आता बोललं तर जिंकलेलं घालवू, हे तिला कळत होतं. जरा वेळानं तो वळला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हरल्याचा भाव नव्हता. कामाला लागलेल्या माणसाचा होता.

“झाडं झाली,” तो म्हणाला. “मला पाणी सांग. पूल झाडांवर नाही बांधता येत. किती उंच, किती रुंद, किती वेगानं?”

संध्याकाळपर्यंत दोघं एकाच टेबलावर बसले. वणांची उंची, घळीची रुंदी, उतार. बेगायिम आकडे मांडी, तेमिरकुल प्रत्येक ठिकाणी अडवी. ‘इथं घळ तेव्हा अरुंद असेल, इथं झाड खचलं असेल.’ तिनं त्याच्या शंकांना वाव ठेवून उत्तर कमी धरलं, तरी जे आलं ते बघून तेमिरकुलनं टोपी काढून टेबलावर ठेवली.

“माझ्या नळ्यांत,” तो म्हणाला, “तुझ्या पुराचा घोटसुद्धा मावणार नाही.”

पुढची लढाई त्याची होती, आणि ती त्यानं लढली. वरच्या कार्यालयात जाऊन ‘माझा हिशोब चुकला’ असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मंजूर झालेलं काम मागं घ्यायला कुठलाच साहेब राजी नसतो. एकानं तर तोंडावर टोमणा मारला, “काय तेमिरकुल, या वयात धाकट्या भावाच्या बायकोकडून शिकायला लागलास?”

“हो,” तेमिरकुल म्हणाला. “तुझ्या घरात शिकवणारी कोणी नाही, त्याला मी काय करू?”

ही गोष्ट गावात त्याच्याआधी येऊन पोचली. बुरुल अपांनी ती शेजारणींना इतक्यांदा सांगितली की शेवटी शेजारणीच त्यांच्याआधी वाक्य पुरं करू लागल्या. रस्ता एक वर्ष लांबला, पण भराव गेला आणि कुरगाकवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत मोकळा पूल उभा राहिला, मधे एकही खांब नसलेला. ओढ्याच्या पात्रात लोकांनी गंजी रचल्या होत्या, तबेले बांधले होते. तेही अकीमनं शिव्या खात हलवायला लावले. वर घळीच्या माथ्यावर बेगायिमनं पाऊस मोजायची यंत्रं बसवली. जोराचा पाऊस झाला की ती थेट तिच्या आणि अकीमच्या फोनवर खबर पाठवायची.

आणि मग कुरगाक कोरडाच राहिला. तो उन्हाळा गेला, पुढचा गेला. एवढ्या थोरल्या पुलाखालून सुतळीएवढं पाणी. लोकांनी त्याला ‘बेगायिमचा समुद्र’ नाव ठेवलं. ती गावात आली की ‘एजे’, म्हणजे ताई, अशी हाक मारून विचारायचे, “एजे, जहाज कधी सुटतंय?” ती हसून सोडून द्यायची. एकदा मात्र एसेननं विचारलं, “तुला वाईट नाही वाटत?” तेव्हा ती म्हणाली, “पूर आला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ? तो माझ्या नातवंडांच्या वेळीही येऊ दे. पूल थांबेल.”

तो तिसऱ्या उन्हाळ्यात आला.

दुपार होती. सरोवर काचेसारखं पडलं होतं. गावावर ऊन, अंगणात जर्दाळूच्या फोडी वाळत घातलेल्या. फक्त डोंगराच्या माथ्यावर एक काळा ढग बसला होता, हलायला तयार नसलेला. बेगायिम सासूबाईंबरोबर फोडी उलटत होती. फोन वाजला. तिनं आकडा बघितला. यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या यंत्राचा बघितला. तो त्याहून मोठा होता.

हातातली परात तिनं तिथंच ठेवली आणि अकीमला फोन लावला. “ओसकोन आके, वर ढग फुटलाय. पात्राजवळचं एकही माणूस तिथं राहता कामा नये. खालची आळी उठवा.”

“ऊन पडलंय, एजे.”

“तुमच्या फोनवरही आकडा आलाय. बघा आणि उठवा.”

अकीमनं पुढे एक शब्द विचारला नाही. मशिदीच्या भोंग्यावरून त्याचा आवाज घुमला. ज्यांनी ‘समुद्रा’ची चेष्टा केली होती तेच लोक म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन, गाई हाकत, वरच्या चढावर आले. तेमिरकुल जुन्या जीपमधून पुलापाशी पोचला, दोन्ही बाजूंनी वाहनं अडवली आणि काठावर उभा राहिला.

आधी वास आला. ओल्या मातीचा, उपटलेल्या मुळांचा. मग पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटली, आणि घळीतून एक आवाज, जशी शेकडो घोडी दगडावरून दौडत येताहेत. मग तो दिसला. ते पाणी नव्हतंच. काळा चिखल होता, भिंतीसारखा उभा, आणि त्याच्या माथ्यावर घराएवढे दगड लाकडाच्या ओंडक्यांसारखे डुलत होते. मधूनच एखादं कारागायचं झाड मुळं वर करून फिरत होतं.

 चढावर एक बाई पुटपुटत दुवा म्हणत होती.

पहिली भिंत पुलाखाली शिरली आणि पूल दिसेनासा झाला. सगळीकडे चिखलाचा तुषार. बेगायिमनं बुरुल अपांचा हात धरला होता, का त्यांनी तिचा, हे पुढे दोघींनाही सांगता आलं नाही. तुषार खाली बसला. पूल जागेवर होता. त्याच्याखालून कुरगाक धडधडत सरोवराकडे चालला होता, दगड आणि झाडं आणि सगळं घेऊन, मोकळ्या पात्रातून, गावाला बगल देऊन. तुळयांच्या खाली माणूसभर जागा शिल्लक होती. एक झाड आडवं आलं, काठाला टेकलं, थरथरलं. तेमिरकुल मुठी आवळून बघत राहिला. झाड फिरलं, सरळ झालं आणि पुलाखालून निघून गेलं.

तेव्हा कुठं लोकांच्या तोंडून आवाज फुटला. आधी कोणीतरी हसलं, मग एकदम सगळे. म्हाताऱ्यांनी कल्पाक काढले. ज्यानं ‘जड धातू’ म्हणून चिडवलं होतं तो म्हातारा बेगायिमपाशी आला, तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि परत गेला. एक सोडून दिलेला तबेला आणि ज्यानं ऐकलं नव्हतं त्याची एक गंजी, एवढंच वाहून गेलं. माणूस एकही नाही. कोंबडीसुद्धा नाही, असं बुरुल अपा नंतर ठासून सांगायच्या.

दुसऱ्या दिवशी चिखल अजून वाफाळत होता तेव्हाच बेगायिम दोरी आणि मोजपट्टी घेऊन पात्रात उतरली. काठांवर चिखलाची रेघ कुठवर चढली ते मोजत चालली. तेमिरकुल काठावरून ओरडून आकडे टिपत होता. हिशोब झाला तेव्हा दोघं एका ताज्या, थंडगार दगडावर बसले.

“तू सांगितलेल्या मोठ्या पुराएवढा?” त्यानं विचारलं.

“नाही, आके. त्यापेक्षा लहान.”

तेमिरकुलनं पुलाकडे बघितलं. मग त्या माणूसभर रिकाम्या जागेकडे बघितलं. “म्हणजे ती जागा मोठ्यासाठी.”

“तुम्हीच ठेवायला लावलीत. मी तर थोडी कमी मागितली होती.”

तो इतका हसला की त्याला खोकला आला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वरच्या कार्यालयातला तोच टोमणेवाला साहेब होता. आता काठच्या सगळ्या ओढ्यांचे हिशोब नव्यानं करायचे म्हणत होता. तेमिरकुलनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मला नका विचारू. आमच्या सुनेला विचारा. हो, धाकट्या भावाची बायको. तिची वेळ आधी घ्या.”

पुलापलीकडे दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. पश्चिमेकडच्या दोन गावांचे अकीम, बरोबर काही म्हातारे. पुरानं बुजलेल्या वाटेवरून बूट सांभाळत ते खाली आले. सलाम झाला, घरच्यांची, गुराढोरांची विचारपूस झाली. मग त्यांतला मोठा म्हणाला, “एजे, आमच्याही गावाच्या वर ओढा आहे. तोही कोरडाच. काल इकडचं ऐकलं आणि आमच्या बायका घरात निजायला तयार नाहीत.”

बेगायिमनं चिखलाचे हात पँटला पुसले.

“तुमच्या घळीत जुनी झाडं आहेत?”

“आहेत की. पुष्कळ. यंदा काही तोडायचा विचार होता.”

“एकही तोडू नका,” ती म्हणाली. “मी सोमवारी येते.”